टेबलावरचा घाट

चाकावर बाईनं बसायचं न्हाई, ह्यो आमच्या कुंभारांतला कायदा. माती बाईनं आनायची, बाईनं चाळायची, बाईनं तुडवायची, पन चाक फिरवायचं ते गड्यानं. का, म्हनून सासूला एकदा इचारलं, तर म्हनली, "तुला काम कमी पडतंय व्हय?" तवापास्नं इचारलं न्हाई. म्हनून आमा बायकांच्या वाटनीला आली चित्रं.

चित्रं म्हंजी कागदावरची न्हवं. दिवाळीत पोरं दारात मातीचा किल्ला करत्यात. त्येच्यावर ठिवायचं मावळं, तोफा, वाघ, गवळन, पहारेकरी, ह्या समद्याला आमी चित्रंच म्हनतो. माझ्या हातचं एक बी चित्र न्हाई आसा किल्ला एके काळी भोरात सापडला नसता. आता प्लास्टिकची येत्यात, हलकी. पडली तरी फुटत न्हाईत. मला इचाराल तर जे फुटत न्हाई त्येला पोरगं जपत बी न्हाई.

मी दुसरीतनं शाळा सोडली. बोलतीया मी आन लिहून घेतीया माझी नात शीतल, माझ्या दत्तूची थोरली. ती मधीच म्हनती, "आज्जे, आसं न्हाई लिहीत दिवाळी अंकात." म्हनलं, "मंग तूच सांग, मी जाते माती मळायला." आता गप लिहितीया.

काम सांगते. तळ्याची चिकन माती आनायची, वाळवून कुटायची, चाळायची. तिच्यात राख आन लीद घालायची, न्हाईतर भाजताना तडकती. साचा दोन पाकळ्यांचा आसतो, म्होरली आन मागली. अंगठ्यानं माती दाबायची, दोनी पाकळ्या चिखलाच्या पान्यानं जोडायच्या, शिवन बोटानं पुसायची. सावलीतच वाळवायचं. मंग आवा, म्हंजी आमची भट्टी, शेनकुटाची. भाजून निघालं की चुना, चुन्यावर रंग. डोळं समद्यात शेवटी. आदुगर डोळं काढलं तर रंग देताना ते आपल्याकडं बगत ऱ्हातं आन हात चुकतो.

हसू नका. भोंगवलीचा एक गिऱ्हाईक व्हता, मोठा बागायतदार. दिवाळी झाल्यावर पहारेकरी घिऊन परत आला. म्हनला, "मावशी, ह्यो तुमचा पहारेकरी रातीत फिरतो."

"कुठं फिरतो?"

"जागेवरच. सांजच्याला तोंड रस्त्याकडं करून ठिवतो. सकाळी बगावं तर घराकडं."

म्या त्येला समजावलं. पोरं किल्ल्यावर हळीव पेरत्यात, हिरवं दिसावं म्हनून. पानी मारत्यात. माती फुगती, मंग बसती, आन वरचं चित्र आपसूक वळतं. त्येला पटलं. दुसरा पहारेकरी दिला. म्होरल्या साली परत दारात. "मावशी, ह्यो बी तसाच. आमची आई भेतीया. म्हनती ह्यो माझ्या खोलीकडं बगतो." मंग म्या त्येला बिनडोळ्याचा पहारेकरी दिला, नुस्ता पांढरा चेहरा. म्हनलं ह्यो कुनीकडं बी वळू दे. त्यानंतर त्यो आला न्हाई. बाजारात एकदा दिसला. म्या इचारलं, "काय वो, फिरला का?" त्येनं ऐकून न ऐकल्यावानी केलं आन गर्दीत शिरला. त्येच्या घरी काय झालं ते मला आजून ठावं न्हाई.

आता मालकाचं सांगते. त्येच्याबिगर म्होरलं कळायचं न्हाई.

आमचं मालक कावड घिऊन घाट उतरायचं. कावड म्हंजी खांद्यावर काठी आन दोनी टोकांना पाट्या. पासली गावाच्या वरल्या अंगाला घाट हाय, खाली कोकनातल्या गावात उतरतो. तितं तवा गाडी जात नव्हती. दिवाळीच्या आदुगर पनत्या, बोळकी, चित्रं समदी कावडीत भरायची आन पायी उतरायचं. संगती एक गडी आसायचा, त्येची बी कावड.

त्या साली दत्तू रांगत व्हता. मालक गेलं, मी दारातनं पाठमोरं बगितलं. तिसऱ्या दिशी त्यो गडी एकटाच परत आला, आंगात ताप. म्हनला, "घाटात धुकं उतरलं. त्ये म्होरं चालत व्हतं. म्या हाक मारली, त्येंनी ओ दिली. परत हाक मारली, ओ दिली, पन लांबनं. तिसऱ्यांदा हाक मारली तर काय न्हाई."

पासलीची मानसं, आमची मानसं, समदी रान पालथं घालायला गेली. दत्तूला सासूजवळ टाकून मी बी गेले. वळनावर एक सपाट दगड व्हता. त्या दगडावर कावड ठिवलेली. पडलेली न्हाई, ठिवलेली. काठी आडवी, पाट्या सरळ, वरनं फडकं झाकलेलं. एक पनती फुटली नव्हती.

मानूस कुठंच न्हाई. कड्याखाली न्हाई, वढ्यात न्हाई.

समदी नावानं हाका मारत व्हती. मी कडंला हुबी. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, घेतलं तर त्येचं आयुष्य कमी व्हतं, ह्यी आमच्यातली रीत. त्येंच्या नावात दगडाचाच दुसरा शब्द येतो. त्यो शब्द बी म्या लगीन झाल्यापास्नं तोंडात आनला न्हाई, दगडच म्हनते. अधिक महिन्याला गावात जे नाव हाय ते बी मी घेत न्हाई. तर मी नुस्ती "अवोऽ, अवोऽ" करीत व्हते. तितं जमलेल्या परतेक बाईचा नवरा "अवो" हाय. त्यातला एक वळून म्हनला बी, "काय गं?"

त्यावर लोकांनी काय काय जोडलं. कुनी म्हनलं चकवा लागला. चकवा म्हंजी रानात वाट फिरवनारं काय तरी. मानूस तितल्या तितं चालत ऱ्हातो आन त्येला कळत न्हाई. कुनी म्हनलं म्हमईला पळाला, दुसरी केली. कावड आशी नीट ठिवून गेला म्हंजी आपल्या पायानं गेला, ह्ये समद्यांचंच म्हननं पडलं. माझं बी. म्हनून म्या कुकू पुसलं न्हाई. सासू गेली, दत्तू मोठा झाला, त्येचं लगीन झालं, माझ्या कपाळाला कुकू. हळदी-कुकवाला काही बायका बोलवायच्या, काही टाळायच्या. एक तोंडावर म्हनली, "हौसाक्का, तुजं नक्की काय समजायचं आमी?" म्या म्हनलं, "तुमाला कळलं की मला बी सांगा."

दत्तूचं म्हननं येगळं. पितरपाटात समदी आपापल्या गेलेल्या मानसांच्या नावानं जेवान घालत्यात, त्येला म्हाळ म्हनत्यात. दत्तूला कधी बापाचा म्हाळ घालाय गावला न्हाई. मानूस इतकी वर्सं सापडला न्हाई तर गवताचा पुतळा करून त्येला अग्नी देत्यात, मंग त्यो गेला आसं धरत्यात. दत्तू दर साली इचारायचा, मी दर साली न्हाई म्हनायची. माझं म्हननं एकच. कावड नीट ठिवून गेलेला मानूस ती उचलाय परत येतो.

यंदा शीतलचं लगीन ठरलं, मार्गासनीला. पोरगं चांगलं हाय. (ती हितं लिहायला लाजतीया.) बोलनी करताना पोराच्या चुलतीनं इचारलं, "मुलीचं आजोबा कुठं आसत्यात?" दत्तूनं पानाचं तबक म्होरं सारलं. रातीला जेवताना म्हनला, "आये, घरात मंगल कार्य हाय. बापाचं काय ते एकदा ठरीव. हाय म्हन, न्हाईतर न्हाई म्हन. पोरीच्या लग्नात मी काय सांगत फिरू?" आवाज चढवला न्हाई त्येनं. चढवला आसता तर मी बी चढवला आसता.

ह्ये समदं डोक्यात आसताना पुन्याची एक पोरगी आली. नाव ऋचा. केस बारीक कापलेलं, पाठीवर पिशवी. वसरीत बसली आन टेबलावर खेळायच्या नव्या खेळाचं सांगाय लागली. म्हनली, "आजी, आम्ही एक खेळ बनवतोय. त्यात माणसं लागतात, अंगठ्याएवढी."

तिनं डबी उघडली. आत मशीननं केलेली चित्रं, करड्या रंगाची, इतकी बारीक की म्या चष्मा पुसून घेतला. तलवारीच्या मुठीला दोरा गुंडाळलेला, पिशवीला बंद, बंदाला गाठ. ती गाठ बगून मला खरंच नवल वाटलं. म्हनलं, "ह्ये आसं हाय तर माझ्याकडं कशाला आलीस?"

"ही सगळी लढणारी आहेत, आजी. आणि परदेशातल्यासारखी दिसतात. मला आपल्याकडची साधी माणसं हवीत. मातीची."

अंगठ्याएवढी माती साच्यात बसत न्हाई. भाला केला तर वाळतानाच मोडतो. म्हनून म्या साचा सोडला आन बोटांनी चिमटून केली. मेंढरामागचा धनगर, डोक्यावर भारा घेतलेली बाई, काठी टेकलेली म्हातारी. आन तिनं मागितला एक कावडवाला. काठीच्या जागी म्या खराट्याची काडी घातली. समदी चित्रं म्होरनं केली. ह्यो मातूर पाठीकडनं करत गेले, ते माझं मला नंतर कळलं. तोंडाकडं आले तवा काय करावं सुचंना. तसंच कोरं ठिवलं.

टेम्पोनं धाडली तर फुटतील. ऋचानं गाडी आनली, मी डबा मांडीवर घिऊन बसले. कुठं जायचं ते वाटंत कळलं. त्येंनी आठवडाभरासाठी घर भाड्यानं घेतलं व्हतं ते पासलीला. कावड घरी आनली तवापास्नं मी तितं पाय ठिवला नव्हता. गाडी मार्गासनी सोडून म्होरं गेली, वेल्हं गेलं, मी डबा दोनी हातांनी धरला. ऋचानं इचारलं, "आजी, गाडी लागते का?" म्हनलं, "न्हाई, तू चालीव."

गनपती नुकतंच गेलं व्हतं. पासलीत भात पोटरीला आलेला, कनसं आजून पोटातच. दुपारची येळ, पन धुकं खाचरापतोर उतरलं व्हतं. घरात चौघं. ऋचा, एक चष्म्यावाला, एक दाढीवाला आन गोष्ट चालवनारा सौरभ. ह्या खेळात एकजन गोष्ट चालवतो, बाकीच्यांनी त्येच्यातली मानसं व्हायचं. त्यो सांगतो समोर काय हाय, तुमी सांगायचं तुमी काय करता. जमलं का न्हाई ते फासा ठरवतो. फासा बी नवाच, बोराएवढा आन ईस तोंडांचा.

"आजी, बसा ना खेळायला," सौरभ म्हनला. "यात हरणं-जिंकणं नसतं."

"मंग खेळता कशाला?"

दाढीवाला मोठ्यानं हसला. "माझी आई रोज हेच विचारते!"

टेबलावर डोंगर केला व्हता, फोमचा, वर हिरवा भुगा. मला आपला पोरांचा किल्लाच वाटला. म्हनलं, "महाराज कुठं बसवनार?" ऋचा म्हनली, "महाराज नाहीत आजी. किल्ला नाही हा. घाट आहे. लोक माल घेऊन खाली उतरतात, आणि धुक्यात काहीतरी असतं. गावोगावी चकव्याच्या गोष्टी ऐकल्या, त्यावरून केलंय."

कड्याच्या अंगानं वाट, आन वाटंवर कापूस पिंजून धुकं केलेलं. वळनावर सपाट दगड.

म्या इचारलं, "ह्यो दगड का ठिवला हितं?"

"असाच. रिकामं दिसत होतं," ऋचा म्हनली.

 त्या पोरांना माझं काय ठावं नव्हतं. म्या सांगितलं नव्हतं, आन पासलीत तवाची म्हातारी मानसं आता उरली किती.

मला काठी टेकलेली म्हातारी दिली. खरं सांगते, आदुगर लई मजा आली. उभ्या जन्मात मी खेळायला म्हनून कधी बसले नव्हते. वढ्याला पूर आला व्हता, समदी अडकली. सौरभ म्हनला, "आजी, काय करता?" म्हनलं, "भारा घेतलेल्या बाईचा दोर सोडते, झाडाला बांधते, एकेकाला धरून न्हेते." "फासा टाका." टाकला, तर समद्यात वरचा आकडा. चौघंबी वरडली. चष्म्यावाला म्हनला, "आजी, आता तुम्हीच आमच्या पुढारी." म्हनलं, "निवडनुकीच्या आदुगर समदेच आसं म्हनत्यात."

मंग घाट लागला. सौरभनं आवाज बारीक केला. त्यो कापूस हातानं म्होरं सरकवीत व्हता आन सांगत व्हता. पायाखालचं दिसत न्हाई. पाखरू बोलत न्हाई. म्होरं चालनाऱ्याच्या पाट्या कुरकुरत्यात तेवढंच ऐकू येतंय. बोलता बोलता त्येनं माझा कावडवाला उचलला, वळनाच्या पलीकडं न्हेला, कापूस त्येच्यावर वढला.

"कावडवाला दिसेनासा झाला," म्हनला. "पाट्यांचा आवाज थांबला. काय करता?"

दाढीवाला म्हनला, "मी मागे वळतो." ऋचा म्हनली, "मी जागेवर बसते." चष्म्यावाल्यानं फासा टाकला, काय जमलं न्हाई. मंग समदी माझ्याकडं बगाय लागली.

"हाक मारते," मी म्हनलं.

"काय हाक मारता?"

"अवो, म्हनून."

सौरभनं मान हलवली. "नाही आजी. या खेळाचा नियम आहे. धुक्यात नावानं मारलेली हाकच पोचते. त्याचं नाव ठेवा काहीतरी आणि हाक मारा."

ऋचाला वाटलं मला सुचंना. म्हनली, "कुठलंही नाव चालेल, आजी."

कुठलं बी नाव घेता आलं आसतं मला. बाळू, शंकर, काय बी. त्या टेबलावर माझी म्हातारी काठी टेकून हुबी, तिच्या म्होरं कापूस, आन कापसाखाली त्यो. मी बगत ऱ्हायले. माझ्या मनात आलं, तवा समदा घाट त्येंना नावानं हाका मारीत व्हता. म्या एकटीनंच नाव घेतलं नव्हतं.

म्हनलं, "धोंडिबा!"

(शीतल थांबलीया. "आज्जे, हितं लिहू का?" म्हनलं, लिही.)

बेतानं म्हननार व्हते, पन आवाज मोठा निघाला. माझाच मला वळखू आला न्हाई.

आन भाइरनं ओ आली.

"ओऽऽ" आशी, लांबट. खिडक्या लावलेल्या, दार पुढं केलेलं. घाटाच्या अंगानं आली. कामात आसलेला मानूस हाकेला देतो, तशी.

कुनी हाललं न्हाई. फासा ऋचाच्या मुठीत व्हता, तिनं आजून टाकला नव्हता. दाढीवाला हसाय गेला, पन ते हसू निम्म्यात ऱ्हायलं. सौरभ म्हनला, "मी नाही हां. मी काही केलं नाही. आजी, आईशपथ."

मंग परत आली. "ओऽऽ". ह्यावेळी जवळनं.

मी उठले. दार उघडलं. म्होरं अंगन, अंगनाच्या कडंला खाचराचा बांध, बांधाच्या पलीकडं समदं पांढरं. सौरभ माझ्या मागनं आला, माझा दंड धरला आन वरडला, "कोण आहे तिकडे?" काय न्हाई. पानी गळत व्हतं कौलावरनं. लई येळ हुबं ऱ्हायलो आमी. मी दुसरी हाक मारली न्हाई.

चष्म्यावाला म्हनला, "गुराखी असेल कोणीतरी. त्याचंही तेच नाव असेल."

आसंल. न्हाई कशाला म्हनू? नंतर त्येंनी गावात इचारलं बी. त्या नावाचा हल्ली पासलीत कुनी न्हाई म्हनले. पन गुराखी भाइरचा आसू शकतो. डोंगरात आवाज कुठनं कुठं बी जातो.

आत येऊन बसले. ऋचानं चहा दिला. मी तिला एकच इचारलं, "पोरी, त्यो आवाज केवढ्या मानसाचा वाटला तुला?"

तिनं इचार केला. "आमच्यापेक्षा थोडा मोठा असेल. तिशीतला वगैरे."

"नक्की?"

"हो आजी. तरुण आवाज होता. का?"

मला बी तसाच वाटला व्हता. मला तर त्यो आवाज ठावंच व्हता. भाकरी खाताना पाठीमागनं हाक मारली तर मालक तशीच ओ द्यायचं. तोच आवाज, तेवढाच. त्येला एक सुरकुती पडली नव्हती.

मी म्हनलं, "माझं मालक आज आसतं तर ऐंशीला टेकलं आसतं."

मंग म्या त्येंना समदं सांगितलं. कावड, वळन, दगड. ऋचा रडाय लागली. म्हनली, "आजी, मी तो नियम काढून टाकते. सगळंच काढून टाकते." म्हनलं, "काढू नगं. नियम बरोबर हाय." सौरभनं कापूस उचलाय हात म्होरं केला आन मागं घेतला. कावडवाला खालीच ऱ्हायला. त्या दिशी खेळ तितंच थांबला.

गाडीत बसताना मी एकदा मागं बगितलं. मनाशी इचार केला तो सांगते. आवाज म्हाताऱ्याचा आसता, घोगरा, दमलेला, खोकत दिलेली ओ आसती, तर मी गेले आसते. धुकं बगितलं नसतं, आनवानी गेले आसते. म्हमईला गेलेला मानूस, दुसरी केलेला मानूस, वाट चुकलेला मानूस, कुठं बी आसला तरी माझ्यावानी म्हातारा झाला आसता. माझे दात पडले, माझा हात कापाय लागला. ज्येचं काय बी झालं न्हाई, त्यो जिता न्हाई. एवढं मला दुसरीपतोरच्या शाळंत बी समजतं.

घरी आले तवा दत्तू अंगनात माती तुडवीत व्हता, गुडघ्यापतोर भरलेला. म्हनलं, "यंदा म्हाळ घाल."

"कुनाचा?"

"तुज्या बापाचा. आदुगर त्यो पुतळ्याचा इधी करून घे."

त्यो मातीत तसाच हुबा. इतकी वर्सं ह्येच मागत व्हता, आन आता त्येचं तोंड लहान पोरावानी झालं. म्हनला, "आये, काय कळलं का तुला?"

"ओ दिली," म्हनलं. ज्यादा सांगितलं न्हाई. आता ह्या अंकात वाचंल.

कुकू म्या इधीच्या सकाळी माझ्या हातानंच पुसलं, पदरानं. बायका जमवू दिल्या न्हाईत. सूनबाई रडली, तिला म्हनलं, चुलीवरचं बग, करपतंय.

बायका नदीवर जात न्हाईत ह्या कामाला. मी गेले. शीतलनं हात धरून न्हेलं, कुनी अडवलं न्हाई. नीरेच्या काठाला भटजी दर्भाचा पुतळा बांधत बसला व्हता. दर्भ म्हंजी गवत, त्येचीच मुंडी, त्येचंच हात, पाय. घाईत व्हता बिचारा, त्येला म्होरं आजून दोन ठिकानी जायचं व्हतं. दत्तू पान्यानं भिजलेला, उघडा, शेजारी बसलेला.

मी बगितलं. पुतळ्याचा डावा हात आखूड झाला व्हता आन गाठ सैल. खांदा एका अंगाला पडलेला.

म्हनलं, "भटजी, जरा हिकडं द्या."

"आजी, राहू द्या. आता जाळायचंच आहे ते."

म्या त्येच्या हातातनं घेतला. मांडीवर ठिवला, हात सोडला, चार काड्या ज्यादा घातल्या, परत बांधला. खांदं सरळ केलं. दुसऱ्या हाताची गाठ बी आवळून घेतली. येळ लागला, बोटं आता पयल्यावानी चालत न्हाईत. भटजी नदीकडं बगत थांबला. दत्तू माझ्या हाताकडं बगत व्हता.

"जाळायचा हाय म्हनून काय झालं," मी म्हनलं आन पुतळा दत्तूच्या हातात दिला. "मानूस हाय. धड करून द्यावा."